शिशाचा पट्टा

बुडबुडे एकाच जागी येत होते. सख्याला ते आवडलं नाही. मघापर्यंत ते हळूहळू सरकत होते, म्हणजे त्याची बायको रुपी खाली हलत होती, तिचं काम चाललं होतं. आता ते एकाच जागी, आणि भराभर. माणूस घाबरला की श्वास असाच सुटतो, हे रुपीनंच त्याला सांगितलं होतं.

“काय झालं असंल रे?” तराफ्याच्या दुसऱ्या टोकावरून पुंजाकाकानं विचारलं. दोर सख्याच्या हातात होता आणि दोराचं दुसरं टोक रुपीच्या छातीशी बांधलेलं होतं. एक हिसका म्हणजे सगळं ठीक. हिसक्यावर हिसके म्हणजे ओढ. त्यानं एक हिसका दिला. उत्तर आलं नाही.

मोखाड्याकडच्या त्या लहानशा धरणात पंपाची जाळी गाळानं बुजली होती. पाड्यातले नळ कोरडे पडले होते आणि काठावर बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. मालवणला जाऊन पाणबुड्याचं काम शिकलेली साऱ्या पाड्यांत एकटी रुपी. मग काय, बोलावणं थेट घरी आलं. सख्याची छाती चांगली वीतभर फुगली होती.

सकाळी काठावर तिनं एकेक वस्तू नीट अंगावर चढवली होती. रबरी सूट, हवा भरली की फुगणारं जाकीट, पाठीवर टाकी. रबर माणसाला खाली जाऊच देत नाही, म्हणून सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून, कमरेला शिशाचा पट्टा. तिची कंबर ती केवढीशी! पट्टा सारखा घसरायचा. तिनं पाठीच्या कण्यावर आलेले शिशाचे तुकडे दोन्ही बाजूंना सारखे सरकवले, पट्ट्याखाली जुन्या ट्यूबची पट्टी घातली. “आता बोचत नाय,” म्हणाली. पट्ट्याचं उरलेलं टोक तिनं सवयीनं पदरासारखं खोचलं, आणि जीभ चावून लगेच बाहेर काढलं. टोक मोकळंच हवं. अडचण आली की एका हातानं खटका उघडायचा आणि पट्टा सोडून द्यायचा. वजन गेलं की माणूस आपोआप वर येतो.

सोडून द्यायचा! तेच तर हिला जमत नव्हतं. शिकवणारे धर्मेंद्र सर पाण्याखाली ‘टाक, टाक’ म्हणून खुणावायचे आणि हिचे हात पट्ट्यावर आणखी आवळायचे. दरीतल्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी वाहत वाढलेली पोर ती. लहानपणी एकदा उतारावर घसरली, दोन्ही गुडघे फुटले, पण हंडा काही हातचा सोडला नाही. गावभर कौतुक झालं. सख्याच्या आईनं ते ऐकूनच ही सून पसंत केली होती. सर बिचारे सामान उसनं देताना म्हणालेसुद्धा, “पट्टा गेला तर जाऊ द्या, मला फोनही करू नका.”

आणि सख्यानं काय करावं? सकाळी तिचा खटका तपासता तपासता म्हणाला, “परक्याची वस्तू हाय गं. हरवून येऊ नको.” रुपीनं मान डोलावली होती. जिभेला काही हाड! आता तेच बोलणं त्याच्या छातीवर येऊन बसलं होतं.

बुडबुडे थांबले. काठावरच्या बायकांची कुजबुज बंद झाली. पुंजाकाकानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सख्यानं ते पाहिलं आणि दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तेवढ्यात दोराला हिसका बसला. मग दुसरा, मग हिसक्यावर हिसके.

“ओढ रे!” काका ओरडला. सख्या ओढू लागला. दोर जड होता. नुसता जड, त्यात जीव नव्हता. हात सोलले, तोंडानं “रुपे, रुपे” चाललं होतं. गढूळ पाण्यातून काहीतरी काळं वर आलं.

तो पट्टा होता. नुसता पट्टा. खटका उघडलेला, आणि दोराला पक्की गाठ मारलेली, विहिरीत सोडताना हंड्याच्या गळ्याला मारतात तशी.

सख्यानं अशी किंकाळी फोडली की काठावरची पोरं रडायला लागली. त्याला पोहता येत नव्हतं, तरी तो उडी टाकायला निघाला. काकानं त्याला कमरेला मिठी मारून धरलं. त्या झटापटीत पाठीमागे पाणी फुटलेलं दोघांनाही आधी कळलं नाही.

रुपी वर आली होती. डोळ्यांवरची काच कपाळावर सरकलेली, नाकातून रक्त, तोंडातली हवेची नळी निसटलेली. दोघांनी तिला दंडाला धरून तराफ्यावर घेतलं. ती पालथी पडून खोकत राहिली. तुटक तुटक बोलली तेव्हा कळलं. जाळीच्या गजाला लागून जाकीट फाटलं, हवा गेली, वर येता येईना. खटका तिनं उघडला. पण पट्टा सोडवेना. मग तो गुडघ्यांत दाबून धरला, स्वतःच्या छातीचा दोर सोडला आणि त्याला बांधला. गाठ मारताना नळी तोंडातून गेली, तरी गाठ पुरी केली, हिसके दिले आणि मगच पट्टा सोडला. जाळी मोकळी झाली की नाही, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

रुपीनं मान वर केली. डोळे लाल झाले होते.

“पट्टा... आला ना वर?”

सख्यानं वाकून तो पट्टा दोराच्या गाठीतून ओरबाडून काढला, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून धरणात भिरकावला.

“अरे, परक्याचा हाय तो!” रुपी धडपडत उठून बसली.

“बघ!” सख्या रडत रडत ओरडला. “नीट बघून घे! टाकायचा म्हंजे असा टाकायचा!”