शेजारच्या सीटवरून

जयवंतने गिअर टाकला, तशी शेजारी बसलेल्या शैलाची नजर पुन्हा त्याच्या पायांकडे गेली.

छपरावरून पडून त्याच्या डोक्याला जबर मार बसला होता. कित्येक महिन्यांनी डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची परवानगी दिली. तेव्हापासून तो बाजारात निघाला, की बायको सोबत यायचीच. वाटेत बोलायची नाही, नुसती बघत राहायची. कधी कधी तिचे ओठ हलायचे. ही आपल्या चुका टिपतेय, डॉक्टरांना सांगून आपलं गाडी चालवणं बंद करणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

आज ओढ्याजवळ त्याला राहवेना. त्याने गाडी कडेला घेतली.

"खरं सांग, माझं डोकं अजून ठिकाणावर नाही असंच वाटतं ना तुला?"

"काहीतरीच काय!" शैला दचकली. "तुम्ही रक्तात पडला होतात, गाडी दारात होती, किल्ली माझ्या हातात होती. आणि मला ती सुरूसुद्धा करता येईना. रिक्षा येईपर्यंत तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते." तिने त्याच्या पायांकडे बोट केलं. "म्हणून बघून बघून शिकतेय. या वयात शिकवा म्हणायची लाज वाटली."

जयवंतने गाडी बंद केली. मग तो उतरला, वळसा घालून पलीकडे आला आणि त्याने तिचं दार उघडलं.

"जा, तिकडे बस," तो म्हणाला. "आधी क्लच पूर्ण दाबायचा. घाई नको, मी आहे."