घरबसल्या परवाना

दुकानाचा परवाना लोकांना घरबसल्या मोबाईलवर मिळावा, म्हणून वर्षाराणीला कचेरीच्या मदतीला नेमलं होतं. पहिलाच अर्ज लालबीच्या बांगड्यांच्या दुकानाचा. तिनं तो दुकानात बसूनच भरला आणि चहा निवायच्या आत परवाना लालबीच्या मोबाईलवर हजर! वर्षाराणीला कोण आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पाहते तर ऐन लगीनसराईत दुकानाला कुलूप आणि लालबी कचेरीच्या पायरीवर.

"काय झालं, खाला?"

"सायबानं मोबाईल जमा करून घेतला. म्हणे, अजून दुकान खोलू नका."

"अहो, पण परवाना कालच आला ना!"



"आला बेटी, पन वाटप कुठं झालं? जालन्याहून पाहुणे येतील, मंग त्यांच्या हस्ते माझाच मोबाईल मला भेटनार, शाल-नारळासंगट!"