दिवा लावू नका

दारावरची ‘दिवा लावू नका’ ही पाटी वाचूनही संचालक महिलादिनाच्या सत्कारासाठी पाहुण्यांना घेऊन हेमांगीच्या प्रयोगशाळेत शिरले. दाराखालच्या फटीत कोंबलेलं फडकं त्यांच्याच पायानं बाजूला गेलं. वर त्यांनी खटकन दिवाही लावला.

खाटकाकडून बकऱ्यांचे डोळे आणून हेमांगीनं त्यातलं उजेड ओळखणारं प्रथिन वेगळं काढलं होतं. त्याची रचना कळावी म्हणून मिणमिणत्या लाल दिव्यात वर्षभर खपून त्याचे स्फटिक जमवले होते. त्यांचा जांभळा रंग तिनं आज पहिल्यांदाच पाहिला. बघता बघता ते पिवळे पडले.

“सर, वर्षभराची मेहनत गेली. याला उजेड चालत नाही.”

“अहो मॅडम, तुमचं संशोधन उजेडावरच आहे ना?” संचालक हसले. “शिवाय अंधारात फोटो कसा येणार?”

पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर शाल पांघरली, फोटो निघाले.

मंडळी गेल्यावर तिनं दिवा बंद केला. दाराखालून उजेडाची रेघ आत येत होती. तिनं अंगावरची शाल काढली, तिचा बोळा केला आणि टाचेनं फटीत ठासून बसवला.