वायफायचं बारसं
सांगूनही पटणार नाही, पण आमच्या वायफायचं बारसं झालंय. डबा बसवणारा म्हणाला, “आजोबा, याला नाव ठेवा, पासवर्डही ठेवा, पण तो कुणाला सांगू नका.” नाव ठेवायचं म्हणजे आत्या हवीच. आम्ही डबा पाळण्यात घातला. माझ्या बहिणीनं, चांगुणानं, त्याच्या कानात दोन्ही सांगितलं. डब्याचा कान कुठला, हे मला अजून कळलेलं नाही, पण डबा खुदकन हसला. आता निम्मं तिसगाव आमच्या ओट्यावर बसून आमच्याच नेटवर. आज नात स्नेहलची नोकरीची ऑनलाईन मुलाखत अडकली. संध्याकाळी पुन्हा संधी आहे. “पासवर्ड फोडला कुणी?” ती रडवेली झाली. मी ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, “आत्यानंच! नावाबरोबर पासवर्डही पुकारला.” चांगुणा कडाडली, “दादा, थापा पुरे! मी डब्यालाच सांगितलं व्हतं. तुझ्या गप्पा ऐकाया मानसं ओट्यावर बसावी म्हनून पासवर्ड गावभर तूच वाटलास!”