पाखरं हाकणारं घड्याळ

कमी पाण्यात, कमी खतात भागवणारी पिकं घ्या, असं गावोगाव सांगणाऱ्या शेती खात्याच्या साहेबांचं स्वतःचं वजन होतं एकशे बारा किलो. डॉक्टरांनी तंबी दिली, "चाला, नाहीतर हृदय दगा देईल," आणि पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर बांधलं.

साहेब ते रोज सकाळी खात्याच्या प्रयोगाच्या शेतात पाखरं हाकणाऱ्या मावशींच्या हातात अडकवायचे. "तुम्ही नाहीतरी दिवसभर फिरताच की." मग गाडीत एसी लावून, बिस्किटं खात अहवाल लिहायचे: 'शेत पायी फिरून पाहिले.'

महिन्याने डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, वजनाचा काटा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.



"रोज अठरा हजार पावलं चालूनही पाच किलो वाढलात? मग आता पोटाच्या ऑपरेशनशिवाय इलाज नाही. उद्याच भरती व्हा."