आता ॲडजस्ट झालाय

"आता अगदी ॲडजस्ट झालाय तो," माझा नवरा, सुजीत, डॉक्टरांना कौतुकाने सांगत होता. "आणला तेव्हा सारखा फिरायचा, आमच्यावर फिस्कारायचा, घडोघडी रंग बदलायचा. आता दिवसभर एका फांदीवर शांत बसतो."

डॉक्टर मेल्विन मूळचे वसईचे, आता आमच्यासारखेच आखातात. सरड्यांवरही उपचार करतात म्हणून आम्ही अल मजाजमधल्या घरून आमचा कॅमेलिऑन घेऊन त्यांच्याकडे आलो होतो. त्यांनी त्याला हातावर घेतलं.

"दिवसा डोळे मिटून बसतो?"

"हो, झोपाळूच आहे जरा."

"झोपाळू नाही हो, आजारी आहे. धडधाकट कॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. आणि शांत झालाय म्हणजे रुळलाय असं नाही. फिस्कारायचीसुद्धा ताकद उरलेली नाही त्याच्यात. सदानकदा एसीत ठेवू नका, सकाळचं ऊन दाखवा त्याला."

औषध घेऊन निघालो. पिंजरा मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवर बसले. रस्ता नेहमीसारखाच तुंबलेला. तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. सुजीतने स्पीकरवर घेतला.

"वैभवी काय म्हणते रे? परत जाऊ या म्हणून अजून भांडते का?"

"छे गं आई, ते कधीच खलास!" तो हसला. "आता अगदी ॲडजस्ट झालीय."

हे बोलताना त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. भर दुपारी मी डोळे मिटून बसले होते.