चौथी ओळ

उस्ताद झापारांचं गाणं लागलं की आई रेडिओ बंद करायची. त्यांच्या गाण्यांत मला आईच्याच चाली ऐकू यायच्या. “तुझ्या आईला मी पाहिलंही नाही, पोरी,” एकदा त्यांना गाठून विचारल्यावर ते हसले. आई गेल्यावर मी इसिक-कुल सरोवराकाठच्या गीतकार-मेळ्यात नाव दिलं. परीक्षक तेच होते. मी तीन तारांचं कोमुझ छेडून, आईने घोडीची धार काढताना रचलेलं गाणं सुरू केलं. ते घराबाहेर कधीच गेलं नव्हतं. तीन ओळींनंतर मुद्दाम थांबले. “पुढचं आठवत नाही.” उस्तादांनी सवयीने माइक ओढून चौथी ओळ पुरवली. “तुम्हाला कशी येते ही?” ते चपापले. “जुनं लोकगीत आहे, बाई! सगळ्यांनाच येतं.” मी लोकांकडे वळले. “येतं का हो कुणाला?” लोक एकमेकांकडे बघू लागले. “मला नाही येत,” पहिल्या रांगेतून उस्तादांची बायको म्हणाली, “चाळीस वर्षं ह्यांचीच गाणी ऐकतेय.”